गडावरची माती

“उपटू नको ते! हात जळतीन तुझे!” मोठी माय अंगणाच्या त्या टोकावरून अशी ओरडली, की आसगावच्या तळ्यातले बगळे थेट पवनीला जाऊन बसले असतील. मी तुळशीपाशी ओणवा. चिमटीत हिरवी पात. धानाची पात. आणि ही म्हणते कशी — “गडाच्या मातीतून आलं ते. काहून उपटून राहिला?”

काय सांगणार होतो? ही गोष्ट पुरती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तशी माझ्या थापांना गावात तोटा नाही. मी वाघाला बिडी मागितली होती, हे लोक अजून चवीनं ऐकतात. पण ही एक — ही दर वेळी गिळली.

मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या बापानं तिच्या डोक्यात भरवलं होतं, की आपले पूर्वज चितोडकडून तलवारी घेऊन निघाले, इथल्या चिखलात रुतले, आणि मग धानाचे रोवणेच करत राहिले. तो गड एकदा डोळ्यांनी पाहायचा — दुसरं काही मागितलं नाही बाईनं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लाखनीहून यात्रेची बस निघाली. वाटेत चितोडही होतं. तिनं गाठोडं बांधलं. आणि मला — वैताग आला हो! जागोजागी तिला धरून उतरवा, पाणी आणून द्या, आणि तिच्यासमोर पत्ते कुटता येतात का? मग मी थापा सोडल्या. गड एवढा उंच, की घारीसुद्धा अर्ध्यावर दम खातात. सात दरवाजे, आणि दर दरवाज्यात तिच्यासारख्या म्हाताऱ्या बसलेल्या — ना वर, ना खाली. तिनं गुडघ्यांवरून हात फिरवला. गाठोडं सोडलं.

“तू जा बाबू,” म्हणाली. “मले तिथली मूठभर माती आण.”

गेलो. विजयस्तंभ पाहिला, राणीचा महाल पाहिला. राण्यांनी आगीत उड्या घेतल्या त्या जागेवर चांगला उभा राहिलो — सीताफळ खात. माती? ती आठवली परतताना, लाखनीला बसमधून उतरल्यावर. सडकेच्या कडेला कुणाच्या तरी धानाच्या बांधीतून मूठभर उचलली, रुमालात बांधली.

तिनं ती आधी कपाळाला लावली. मग शेजारणींना चिमूट चिमूट दिली. बाळंतिणी पोरं घेऊन यायच्या, आणि दर वेळी ही मला हाक मारायची — ये रे, गडाचं सांग. सांगून सांगून माझा गड हिमालयाच्या वर गेला, तरी हिची हौस फिटेना! उरलेली माती तुळशीत घातली, रोज पाणी घातलं. उगवलं धान. जन्म रोवण्यात घालवलेल्या बाईला धानाची पात ओळखू येऊ नये?

ती पात उपटायला गेलो त्या दिवशी माझा तोल सुटला. चिडूनच बोललो, की ही माती गडाची नाही, लाखनीची आहे, मी विसरलो होतो.

तेवढंच बोललो. पुढचं नाही. पुढचं तुम्हाला सांगतो — त्या गडावर चालत जावंच लागत नाही. खालून टांगे जातात, पार स्तंभापर्यंत. मीही टांग्यातच बसून गेलो. आणि हे मला तिथं कळलं असंही नाही. सीट सांगायला गेलो तेव्हाच बसवाला म्हणाला होता, म्हातारी माणसं खुशाल आणा. त्यानंतर मी घरी आलो, आणि त्या घारी उडवल्या.

मोठ्या मायनं तांब्या उचलला. मग तांब्यातलं पाणी तिनं तुळशीला घातलं, त्या धानालाही घातलं.

“मातीचं राहू दे,” ती म्हणाली. “टांगा वर जाते म्हणे. कोंढ्याची एक बाई जाऊन आली.”