डिस्कवरचं लग्न टेपवर उतरवताना

लेकीच्या लग्नाची डिस्क आली, पण ती लावायचं यंत्र बाईच्या घरी नव्हतं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, बार्शीटाकळीला दिलेली. पाय मोडल्यामुळे तिला लग्नाला येता आलं नाही. मंगलाष्टक मात्र तिनंच रचून पाठवलं होतं. मांडवात ते कसं झालं, एवढंच तिला ऐकायचं होतं. घरी तिचा जुना व्हीसीआर, त्याच्या बटणांवर हात बसलेला. "मले टेपवरच आणून दे," म्हणाली, "या वयात नवं काही शिकवू नको."

मी अमरावतीत दुकान गाठलं. दुकानदारानं भलंमोठं यंत्र पुढं सरकवलं. इकडून डिस्क घाला, तिकडून टेप, बाकी काही करायचं नाही. वर आणखी एक डबी हवीच म्हणे, डिस्कचं कुलूप काढायला.

"कुलूप कोणं लावलं?"

"कंपनी लावते काकू. कोणी चोरून कॉपी करू नये म्हणून."

"माह्या पोरीचं लग्न कोण चोरून राहिलं बाप्पा?"

त्याला हसूही आलं नाही. डबी काही पुढ्यातून हलवली नाही त्यानं.

घरी आले तर नवे जावईबापू म्हणतात, "आई, मोठंच घ्या. वायरींची कटकट नाही." जावयाला उलटून काय बोलणार? यंत्र जितकं मोठं तितकी अक्कल जास्त, असं मानणारे शिकलेले लोक मी फार पाहिले.

आधी डिस्क तरी पाहू म्हटलं. मंगलाष्टक सुरू झालं आणि पाहते तर काय, मंगलाष्टक म्हणणाऱ्या पुतणीचे ओठ हलतायत आणि वरून सिनेमाचं गाणं. वरातीला तेच, मंगलाष्टकाला तेच. व्हिडिओवाल्याला गाठलं.

"मूळ आवाज कुठं आहे?"

"पुसला काकू. मंगलाष्टक कोण ऐकते? गाण्यानं रौनक येते."

रौनक! नवरानवरीमधला अंतरपाटसुद्धा यानं उडत्या फुलांनी झाकून टाकला होता.

मग आठवलं, पुतणीला चाल समजावी म्हणून बाईनं मंगलाष्टक स्वतःच्या आवाजात गाऊन त्याची कॅसेट पाठवली होती. ते मोठं यंत्र इथं काय कामाचं? त्यात चित्र आणि आवाज आतल्या आत एकत्रच जातात. मला पाहिजे होत्या त्या जावईबापूंच्या नावडत्या वायरी. त्यांचाच डिस्कवाला प्लेअर आणला, माझा व्हीसीआर जोडला. पिवळी वायर चित्राची, ती तशीच ठेवली. लाल-पांढरी आवाजाची, मंगलाष्टक आलं की ती प्लेअरमधून काढून बाईची कॅसेट घातलेल्या टेपरेकॉर्डरला लावली. डबीची गरज पडलीच नाही. घरच्या डिस्कला कसलं आलंय कुलूप?

टेप घेऊन बार्शीटाकळीला गेले. बाईनं पाय पाटावर ठेवून पाहिलं. मंगलाष्टक लागलं तसं माझ्याकडं वळली.

"हा त माहाच आवाज आहे."

मी सगळं सांगितलं.

"बरं झालं. त्या पोरीले माही चाल कुठं जमते?" पुन्हा पडद्याकडं पाहू लागली. चित्र पुढं, आवाज मागं, असं झालं होतं खरं. बाईचं सावधान यायच्या आधीच पडद्यावर अक्षता पडल्या.

"मी अजून म्हणूनच राहिली," बाई म्हणाली, "अन् या लोकाईले जेवायची घाई. मागं घे, पुन्हा लाव."