कॅमेऱ्याकडे पाठ

दक्षिण दिल्लीतलं आमचं मुलींचं कॉलेज आणि शेजारचं मुलींचं कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींबद्दल जे बोललं जाई ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा बरं होतं, आमचा खो-खो त्यांच्यापेक्षा बरा होता, आणि हे दोन्ही त्यांना मान्य नव्हतं. दर थंडीत शहरातल्या कॉलेजांची एक जुनी स्पर्धा व्हायची. धुकं उठलं की सामना सुरू, अशी तिची वेळ. प्रेक्षक म्हणजे दोन्ही कॉलेजांच्या मुली, चार प्राध्यापिका आणि शेंगदाणेवाला. अंतिम सामना बहुतेक आमच्या दोन कॉलेजांतच असे, आणि त्यानंतर महिनाभर भिंतीवरून खडे येत-जात.

खो-खो मी सांगलीहून आणला होता. वडील एका मंत्रालयात नोकरीला होते. त्यांची बदली झाली तेव्हा मी नववीत होते आणि आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. दिल्लीत खो-खो म्हणजे हातात बॅट येईपर्यंत लहान मुलांनी खेळायची गोष्ट, असा सर्वसाधारण समज होता. आमच्या पीटी मॅडमचा नव्हता. त्या रोहतककडच्या, खांद्यांनी रुंद आणि बोलण्यात काटकसरी. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मला सुटलेल्या बसच्या मागे धावताना त्यांनी पाहिलं आणि बस निघून गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "कल से मैदान पे आ."

मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि माझ्याकडे संघाची कर्णधारकी आली, त्याच सुमारास गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या होत्या. देश खुला झाला आहे असं पेपरात रोज यायचं. आमच्या प्राचार्या बाई इतिहासाच्या. त्यामुळे इतिहास घडत असला की त्यांना लगेच ओळखू यायचा. एक दिवस त्यांनी संघाला कचेरीत बोलावलं. तिथे केस मागे बांधलेला, गॉगल डोक्यावर चढवलेला एक तरुण बसला होता. तो एका नव्या वाहिनीचा माणूस होता. आम्ही आपसांत त्याचं नाव शेंडीवाला ठेवलं, आणि ते वर्षभर टिकलं.

वाहिनीला देशी खेळांची कॉलेज लीग करायची होती. त्यासाठी आम्ही जुनी स्पर्धा सोडायची, नव्या लीगमध्ये यायचं, आणि कॉलेजला त्याचे पैसे मिळायचे. किती, ते बाईंनी सांगितलं नाही, पण त्या सांगताना खुर्चीत जरा उंच बसल्या होत्या.

मी विचारलं, शेजारचं कॉलेजपण आहे का? आहे, शेंडीवाला म्हणाला, पण दुसऱ्या गटात. तुमची गाठ पडणार नाही. तुमच्या गटात गुडगाव, नोएडा, फरिदाबाद आणि गाझियाबाद.

तिकडे खो-खो कोण खेळतं, असं मी विचारल्यावर त्याने मला फार समजुतीने समजावलं. तुम्ही दोघी एकाच मोहल्ल्यातल्या. तुमचा सामना दाखवला तर तीच घरं बघणार. ती घरं जुनी, भरलेली. फ्रीज आहे, मिक्सर आहे, सोफ्यावर कव्हर आहे. त्यांना काय विकणार? गुडगावला घरं नुकतीच उभी राहतायत. आत काहीच नाही. सगळं विकत घ्यायचंय.

बाई मान डोलावत होत्या. पीटी मॅडम खिडकीतून मैदानाकडे बघत होत्या. आम्ही बाहेर पडल्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, त्यांनी मला विचारलं कुठे.

भिंतीपलीकडच्या संघाची कर्णधार मला कॉलेजबाहेर छोले-कुलच्याच्या गाडीवर भेटली. ती उंच, हडकुळी पंजाबी मुलगी होती. तिची हुलकावणी अशी असे की पाठलाग करणारीला आपण स्वतःच चुकलो असं वाटावं. मागच्या अंतिम सामन्यापासून आम्ही बोलत नव्हतो. तिने मला विचारलं, तुम्हाला कोण मिळालं? मी म्हटलं, गुडगाव. तिला सोनीपत मिळालं होतं. थोडा वेळ आम्ही दोघी कुलचे खात उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, "मतलब इस साल तेरे को हराना नहीं है. अजीब लग रहा है, यार." मलाही तसंच वाटत होतं, पण मी ते कबूल केलं नाही.

लीग एप्रिलमध्ये ठेवली होती. थंडीत वाहिनीवर क्रिकेट होतं आणि क्रिकेटच्या वाटेला जाण्याइतकं वेड शेंडीवाल्यालाही नव्हतं. सामने भर दुपारी, कारण कॅमेऱ्याला उजेड लागतो. प्रायोजक होतं गोरेपणाचं एक क्रीम. दिल्लीच्या एप्रिलात दुपारी उन्हात धावायचं आणि छातीवर गोरं होण्याचं आश्वासन मिरवायचं. सरावाच्या पहिल्या आठवड्यातच आम्ही सगळ्या जांभळाच्या रंगाच्या झालो. आई म्हणाली, निदान त्या लोकांनी एकेक ट्यूब तरी द्यायची. नाही दिली.

पण खरी अडचण पाठीची निघाली. खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूंची तोंडं एकाआड एक उलट दिशेला असतात, हे ज्याने हा खेळ एकदा पाहिलाय त्याला ठाऊक असतं. शेंडीवाल्याने तो पाहिला नव्हता. सरावाला कॅमेरा लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की निम्म्या मुली कॅमेऱ्याकडे पाठ करून बसतात आणि क्रीमचं नाव दिसत नाही. त्याने सुचवलं, सगळ्यांनी इकडे तोंड करून बसा.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की खो पाठीमागून द्यायचा असतो. सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसल्या तर त्या बाजूने धावणाऱ्या मुलीला खो द्यायला पाठच मिळणार नाही. तो म्हणाला, एकदा करून तर बघा. पीटी मॅडमनी शिट्टी वाजवली आणि खरंच करून दाखवायला सांगितलं. पहिला खो झाला, मुलगी उठली, कॅमेऱ्याच्या बाजूला आली आणि समोर आठ चेहरे. खो देता येईना, म्हणून ती बिचारी एकटीच खांबापर्यंत धावली, खांबाला वळसा घालून पलीकडे गेली, तेव्हा तिला एक पाठ मिळाली. ती उठली, ती पुन्हा कॅमेऱ्याच्या बाजूला. पळणाऱ्या तिघी तोवर एका जागी उभ्या राहून वेण्या बांधत होत्या.

शेंडीवाला खूश होता. म्हणाला, छान दिसतंय, सगळ्या एकेक करून कॅमेऱ्यासमोर येतायत.

शेवटी नाव पाठीवरही छापायचं ठरलं. हा तोडगा सुचवल्याचं श्रेय प्राचार्या बाईंनी घेतलं आणि पुढे वार्षिक अहवालात त्याला नावीन्यपूर्ण असं म्हटलं.

पहिला सामना गुडगावला होता. तेव्हाचं गुडगाव म्हणजे कापणीनंतरची उघडी शेतं, त्यात मधेच एक काचेची इमारत, मग पुन्हा शेत आणि रस्त्याच्या कडेला स्विमिंग पूल असलेल्या फ्लॅटची चित्रं. आमची बस दोनदा रस्ता चुकली, कारण नकाशात दाखवलेला रस्ता अजून व्हायचा होता. कॉलेज मात्र झालं होतं. संगमरवर, कारंजं, आणि मैदानावर रात्रीत अंथरलेली हिरवळ, जी पायाखाली सतरंजीसारखी सरकत होती.

त्यांच्या मुली चांगल्या होत्या. म्हणजे स्वभावाने. त्यांच्यात दोन एरोबिक्सच्या वर्गातल्या होत्या, एक बॅडमिंटन खेळायची, आणि एकीने मला मध्येच हळूच विचारलं की खो म्हटल्यावर आधी उठायचं की आधी वळायचं. मी तिला सांगितलं. तिने मनापासून आभार मानले आणि लगेच फाउल केला.

दर थोड्या वेळाने जाहिरातीसाठी शिट्टी व्हायची. पळत असू तिथे थांबायचं. माझा हात पुढच्या मुलीच्या खांद्यापासून वीतभर असताना मी एकदा अशी थांबले होते, आणि ती मुलगी मला म्हणाली, दीदी, बसून घेऊ का जरा? बसलो. ऊन असं होतं की हिरवळीचे तुकडे कडेने वळायला लागले होते.

मध्यंतरापर्यंत आम्ही इतक्या पुढे होतो की गुणफलकावरच्या मुलाने आकडे बदलणं सोडून दिलं होतं. तेव्हा शेंडीवाला आमच्याकडे आला. तो चिडलेला नव्हता, उलट फार सौजन्याने बोलत होता. सामना रंगला पाहिजे, म्हणाला. असा एकतर्फी सामना कोणी बघत नाही, लोक चॅनेल बदलतात. दुसऱ्या डावात जरा सांभाळून घ्या. जिंकायचं तुम्हीच, पण शेवटी. प्राचार्या बाई पाहुण्यांच्या शामियान्यातून उठून मुद्दाम आल्या आणि म्हणाल्या की यात खिलाडूवृत्तीच आहे.

पीटी मॅडम पाण्याची बाटली बंद करत होत्या. झाकण नीट बसल्यावर त्या म्हणाल्या, "धीरे दौड़ना मैंने इनको सिखाया नहीं. आप सिखा लो."

बाईंनी शामियान्याकडे पाहिलं, तिथे सरबत आलं होतं, त्या गेल्या. आम्ही मैदानात उतरलो आणि मी आयुष्यात कधी इतक्या जोरात धावले नव्हते. त्या गुडगावच्या मुलींची मला दया येत होती, पण थांबवेना. राग त्यांच्यावर नव्हता, एवढं मात्र त्यांना समजलं असावं, कारण सामना संपल्यावर त्यांनी आम्हाला कारंज्यापाशी नेऊन डोक्यावर पाणी ओतायला मदत केली.

सामना रविवारी दाखवणार होते. वडिलांनी त्यासाठी केबल घेतली. वर्षभर ज्या तारेला ते संस्कृतीचा गळफास म्हणत होते, ती एका सकाळी आमच्या खिडकीतून आत आली. मजल्यावरचे सगळे आले, महाराष्ट्र मंडळातले दोन काका आले, आईने पोहे केले. पडद्यावर आधी कारंजं दिसलं. मग काचेची इमारत, मग त्या कॉलेजचे संस्थापक, मग क्रीम, मग पुन्हा कारंजं. खेळ सुरू झाला तर आम्ही एकदम अटीतटीत होतो. गुण दाखवलेच नव्हते. एरोबिक्सवाली एकदाच कशीबशी निसटली होती, ते तीनदा दाखवलं, तीन बाजूंनी. समालोचक म्हणत होता, कोणीही जिंकू शकतं. मी आईला सांगत होते की असं काही नव्हतं, आणि काका म्हणत होते, गप्प बस, बघू दे काय होतंय.

मी दिसले एकदा. पाठमोरी, पाटीवर बसलेली, क्षणभर. आई म्हणाली, "ही वेणी तुझीच ना? मीच घातली होती." तेवढ्यात जाहिरात आली. ती संपली तेव्हा सामनाही संपला होता आणि प्राचार्या बाई मुलाखत देत होत्या. वडिलांनी दर जानेवारीला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबच्या स्मारकाला जाऊन येण्याच्या अधिकाराने सांगितलं की दिल्लीच्या वेशीबाहेर मराठी माणूस जिंकला तरी बखरीत हरतोच.

आलेल्या पैशांतून बाईंच्या कचेरीला काचेचं दार आणि एसी बसला. मैदानाला काही मिळालं नाही, फक्त त्यावर एक फलक लागला.

पुढच्या वर्षी वाहिनीने पुन्हा गट बदलले. यावेळी आम्ही कुठेच नव्हतो. शेजारचं कॉलेजही नव्हतं. शेंडीवाल्याने फोनवर सांगितलं की सर्व्हे झाला. सरकारी क्वार्टरांमध्ये क्रीम खपत नाही. गुडगाव राहिलं, पण खो-खो गेला, त्याच्या जागी एरोबिक्स आलं. त्या मुलींसाठी मला बरं वाटलं.

मग बाईंना जुन्या स्पर्धेची आठवण झाली. तिचे सचिव म्हणजे एक निवृत्त सद्गृहस्थ होते. त्यांनी बाईंना चहा पाजला आणि सांगितलं की तुमच्या दोन्ही जागा इतर कॉलेजांना दिल्या. आता एकच जागा रिकामी आहे. मागणारी कॉलेजं दोन, तुमचं आणि शेजारचं. खेळून ठरवा.

तो सामना डिसेंबरात आमच्या मैदानावर झाला. आम्ही पहिल्या डावात पुढे होतो. दुसऱ्या डावात त्यांची कर्णधार आत आली आणि तिने आमच्या अख्ख्या साखळीला खेळवलं. मी तिच्यावर झेप घेतली तेव्हा ती तिथे होती, आणि माझा हात पोचला तेव्हा नव्हती. एका गुणाने हरलो. मी मातीतच बसले. ती आली आणि शेजारी बसली. तिलाही रडू येत होतं, जिंकून. म्हणाली, ही मॅच फायनलला व्हायला हवी होती. मी म्हटलं, हो.

पीटी मॅडमनी पंचांशी एका बादवरून बराच वेळ वाद घातला आणि मग स्वतःच जाऊन मैदान आखायचा चुना उचलून ठेवला. बाई आल्या नव्हत्या. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवाले आले होते.

जानेवारीत मुख्य स्पर्धेतला त्यांचा पहिला सामना होता. मी सकाळच्या धुक्यात दोन बस बदलून गेले आणि दोरीला चिकटून त्यांच्यासाठी ओरडत राहिले, आवाज बसेपर्यंत. त्या हरल्या. ती बाहेर येताना मला पाहून थबकली आणि विचारलं, तू इथे काय करतेयस? मी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा येत होती. तिने हसत स्वतःची शाल माझ्या गळ्याभोवती गुंडाळली आणि आम्ही दोघी चहाच्या टपरीकडे निघालो.