उष्टी हळद उशिरा आली

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकही वस्तू जागेवर नव्हती. नागपूरच्या महाल भागातलं भाड्याचं घर मे महिना संपायच्या आत सोडायचं होतं, ताईचं लग्न त्याच महिन्यात होतं आणि तिची बीएस्सीची शेवटची परीक्षा कर्मचाऱ्यांच्या संपामुळे पुढे पुढे सरकत होती. खुर्च्या शहराबाहेरच्या नव्या घरी गेल्या होत्या आणि पाहुणे मात्र या घरी येत होते. आई सकाळी जी भांडी पोत्यात बांधायची, तीच दुपारी कोणीतरी आलं म्हणून सोडायची.

पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना होता, म्हणजे पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांचे, शिशाच्या सुट्या अक्षरांचे, खण. मी अक्षरं शिकले ती उलटी. बाबा लग्नपत्रिका छापत, संपाची पत्रकं छापत, निवडणुकीत एकमेकांना शिव्या देणाऱ्या दोन्ही उमेदवारांची पत्रकं एकाच दिवशी छापत. ते छापून विसरून जात. मी वाचून पेटत असे. एकोणिसाव्या वर्षी माझी खात्री होती की खरी गोष्ट मोठ्या टाइपात सांगितली की लोकांना ऐकावीच लागते.

मग विद्यापीठाची नवी नोटीस लागली. ताईचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल नेमकं हळदीच्या दिवशी, अकरा ते तीन.

आमच्यात हळद आधी नवऱ्या मुलाला लागते. त्यातली उरलेली, उष्टी हळद मुलीकडे येते आणि मग ती मुलीला लावतात. इतवारीत मुलाचं घर. तिथून ती सकाळी दहापर्यंत येणार असं ठरलं होतं. आणि एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत मुलीने उंबरठा ओलांडायचा नाही. भिवापूरहून आलेली आत्या मिरच्यांची देठं खुडता खुडता म्हणाली, "पेपर दरसाल येते. हळद एकदाच लागते, बाप्पा."

प्रॅक्टिकल बुडालं तर वर्ष बुडणार होतं. मुलगा उमरेडला नोकरीला, लग्नानंतर ताई तिकडे जाणार. तिथून परीक्षेसाठी तिला पुन्हा नागपूरला कोण पाठवणार होतं? लग्न पुढे ढकलावं तर पुढचे मुहूर्त थेट दिवाळीनंतर. बाबा काही बोलेनात. ताईही बोलेना, दोन ट्रंकांच्या मध्ये बसून ती वही पाठ करत राही. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला संताप येई.

एका दुपारी बाबा मंगल कार्यालय बघायला गेले तेव्हा मी खिळे जुळवले. मथळा, "हळद मोठी की पदवी?" त्याखाली, "सासरच्या जुलमी मंडळींनो, जागे व्हा!" दहा-बारा प्रती निघाल्या तेवढ्यात बाबा परतले. त्यांनी एक प्रत उजेडात धरली, खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "शाई जास्त झाली." मग माझ्याकडूनच सगळे खिळे परत खणांत टाकून घेतले.

प्रती रद्दीत गेल्या. पण छापखान्यात रद्दी वाया जात नाही, तिच्यात गठ्ठे बांधतात. दुसऱ्या दिवशी बाबांनी मुलाकडच्या पत्रिका हाताला आलेल्या कागदात बांधल्या, सवयीप्रमाणे कोरी बाजू बाहेर ठेवून, आणि सायकलवरून इतवारीला पोचत्या केल्या.

तिसऱ्या दिवशी मुलाची आई एकटीच सायकलरिक्षाने आली. खुर्ची नव्हती म्हणून ट्रंकेवर बसली. पिशवीतून तो कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला.

"हे जुलमी म्हणजे आमीच का?" तिने विचारलं. "अजून सासर झालो नाही आमी, अन् जुलमी होऊन बसलो?"

बाबांचा चेहरा बघून कळलं की गठ्ठा कशात बांधला होता ते त्यांना आत्ता उमगलं.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "आणि त्यातला प्रत्येक शब्द..."

"तू चूप बस वं," ताई आतून म्हणाली. ती बाहेर आली, हातात वही तशीच. "काकू, अकरा ते तीन माझं प्रॅक्टिकल आहे. मी जाणार आहे. तुमच्याकडची हळद उशिरा आली, तं इथं कोणाले काही बोलाच लागणार नाही."

मुलाच्या आईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"पास होशील?"

"होईन."

"अन् नाही झाली तं?"

"तं तुमच्या घरून पुन्हा बसीन."

"हे बी आत्ताच कबूल करून घेऊन राहिली! मोठी हुशार आहे पोट्टी." मग ती आत्याकडे वळली. "आमच्या घरचा उशीर साऱ्या इतवारीले माहीत आहे. चार वाजतील, असं समजा."

आत्याने मिरच्यांनी भरलेलं सूप पुढे ओढलं. "मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली.

"पण हे खोटं आहे!" मी ओरडलेच. "परीक्षा आहे म्हणून सरळ सांगा ना सगळ्यांना."

"तुझ्या लग्नात तू छापून सांगजो," मुलाची आई म्हणाली आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

हळदीच्या दिवशी ताई साडी खोचून माझ्या सायकलवर कॉलेजला गेली. मांडवात बायका भरल्या होत्या. दीडच्या सुमाराला गावाकडच्या एका मामीने सगळ्यांसमोर मला विचारलं, "नवरी दिसून नाही राहिली. कोठी गेली वं?"

मांडव ऐकत होता. हीच ती वेळ होती, जिची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. उत्तर एका वाक्याचं होतं. आईने पाण्याचा तांब्या हातात तसाच धरला होता.

"नव्या घरी गेली," मी म्हटलं. "भांडी लावायला."

"लग्नाच्या घरी नवरीलेच कामाले लावता का?" मामी म्हणाली, बायका हसल्या आणि विषय संपला. ताई साडेतीनला आली. हळद चारला आली. तीन दिवसांनी छापखान्याचे सुटे भाग बैलगाडीवर चढवताना मी बाबांवर खेकसत राहिले. राग त्यांच्यावर नव्हता.

ताई सेकंड क्लासमध्ये पास झाली. "आमच्या घरची पहिली बीएस्सी," असं आत्या भिवापूरभर सांगत हिंडली.

पुढच्या वर्षी आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. ती नागपूरला होस्टेलवर राहून बीए करत होती आणि तिचाही शेवटचा पेपर हळदीवर आला. आत्याने पोरीला तेच सांगितलं: पेपर दरसाल येते. पोरगी रडत माझ्याकडे आली, तेव्हा ताई हळदीच्या दिवशी कुठे गेली होती, ते मी तिला खरं सांगितलं.

तिने डोळे पुसले. "तू तं मांडवात म्हटलं, भांडी लावायले गेली. मी तिथंच होती. तवा काहून नाही बोलली? तू बोलली असती तं मले आज गावात दाखवाले कोणी असतं."

ताईचा दिवस वाचावा म्हणून खोटं बोलले, हे खरं होतं. पण ते या पोरीला काय कामाचं? मी तिला घेऊन उमरेडची एस.टी. धरली.

ताईने सगळं ऐकून घेतलं. कढई उतरवली, स्टो बंद केला, शेजारणीकडे किल्ली दिली.

"आत्याले समजवाले चालली का?" मी विचारलं.

"आत्याले माहीतच आहे," ताई म्हणाली. "गावाले माहीत नाही. गावाले सांगू."

भिवापूरची गाडी यायला तासभर होता. स्टँडवर बाकं रिकामी होती, पण आम्ही तिघी उभ्याच राहिलो.