आईला शनी दाखवायचा होता

"शोधलं की सापडतं, अष्टे! एवढंच!" असं म्हणून सर हात मागे बांधायचे आणि समोरच्याची फजिती बघत उभे राहायचे.

कुवेंपुनगरात मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. ते भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गच्चीवर त्यांची जडशीळ दुर्बीण होती आणि संध्याकाळी आम्ही चारपाच हौशी तिच्याभोवती जमायचो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्ञान भरपूर, पण देताना मूठ उघडत नाही. कुणी शुक्राला तारा म्हटलं की सर विचारायचे, "शाळेत गेला होतात, की सुम्ने, उगाच आपलं शाळेवरून?" आम्ही हसायचो. आपली पाळी येईपर्यंत हसूच येतं.

त्यांचा धाकटा भाऊ रघू जुन्या वस्तीत, अग्रहारात, कपडे शिवायचा. आई त्याच्याकडेच. नव्वदीला टेकलेली, जिना चढवत नव्हता. मुलांसाठी जन्मभर शनिवार धरलेल्या त्या बाईला एकदा शनी बघायचा होता. म्हणून दसऱ्याच्या सुमारास रघूनं दारात मांडता येईल अशी लहान, नवशिक्यांची दुर्बीण घेतली. आई काठी टेकत वाकेपर्यंत शनी सरकून जाई, म्हणून तिला मोटर बसवली. आकाशाबरोबर मोटरनं दुर्बीण हळूहळू फिरवायची, म्हणजे ग्रह जागेवर राहतो. पण मोटर सुरू केली की तो आणखीच लवकर निसटे.

"अय्यो रघू," आई म्हणाली, "मला बघून शनीपण पळतोय की रे!"

रघू दुर्बीण घेऊन गच्चीवर आला. सरांनी मोटरवर नुसती नजर टाकली.

"बॅटरी बदल."

बदलून आला. मग तोल साधायला सांगितलं. मग होकायंत्रानं उत्तर धरायला. मग मोटरची दातेरी चाकं उघडायला. दर खेपेला तो रिक्षातून ते सगळं मांडीवर घेऊन यायचा, बोटांना ग्रीस लागलेलं.

"उसवायची सवय आहेच तुला," सर म्हणायचे.

"अण्णा, आईची नजर उतरत चाललीय. सांग की."

"शोधलं की सापडतं."

संक्रांतीच्या आधी आई गेली. शनी न बघताच.

तेराव्यानंतर रघू नुसती मोटर रुमालात गुंडाळून आला. तिच्या बुडाशी एक बारीक खटका होता. उत्तर गोलार्धासाठी एकीकडे, दक्षिण गोलार्धासाठी दुसरीकडे.

"हा दक्षिणेला होता. मोटर उलटी फिरत होती," तो म्हणाला. "तुला कधी कळलं, अण्णा?"

सर खोटं बोलत नसत. "पहिल्याच दिवशी."

आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

"तुझं तुला सापडावं म्हणून..."

"मला वेळ होता, अण्णा. आईला नव्हता."

त्यानंतर गच्चीवर येणं एकेकानं सोडलं. सर जिन्यात भेटले की विचारत, "अग्रहारात गेला होतात? रघू दिसला?" उत्तरासाठी थांबत नसत.

पुढे गुडघे गेले, तेव्हा मुलीनं त्यांना शिवमोग्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी रघू आला. सामान गाडीत ठेवलं, थोरल्या भावाच्या पाया पडला, त्यांना धरून आत बसवलं. पायांवर शाल घातली.

"रघू, काहीतरी बोल रे," सर म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

रघूनं शालीचं टोक आत सारलं आणि दार हलकेच लावलं.

सरांनी काच खाली केली. रघू समोरच उभा होता.

"होगोणा, सर?" ड्रायव्हरनं निघायचं का विचारलं.

सर रघूच्या तोंडाकडे बघत राहिले. ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा विचारलं.