शांतवनची ओळ

मार्थाक्कानं उभ्या आयुष्यात एकही रकाना कोरा सोडला नव्हता. माहिती अपुरी असेल तर ती मिळेपर्यंत पेनाला टोपण, आणि मिळाली की निळ्या-काळ्या शाईत, पट्टीला धरून. हातकणंगल्याच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात कुरणवाडी आहे. तिथं बाप्टिस्ट मंडळीचं साठ-सत्तर माणसांचं देऊळ. गावातले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळातल्या लोखंडी कपाटात तीन रजिस्टरं होती. एक सभासदांचं, एक सभांच्या इतिवृत्ताचं आणि एक दफनाचं. कपाटाची किल्ली बत्तीस वर्षं मार्थाक्काच्या कमरेला होती.

तिच्या आधी गणपतराव मास्तर चिटणीस होते. त्यांच्या काळात कुणी चुकलं, तर मास्तर त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचे आणि नोंद करायचं विसरून जायचे. डोळे गेल्यावर त्यांनी रजिस्टरं अंगणवाडीत काम करणाऱ्या मार्थाक्काच्या हवाली केली, कारण तिचं अक्षर त्यांच्या अक्षरासारखंच होतं. त्यांनीच घटवून घेतलेलं. अक्षर तेवढं तिनं घेतलं.

धोंडुबाईच्या नातवाला आकडी यायची. शेजारणीच्या सांगण्यावरून ती नृसिंहवाडीला जाऊन आली, तीर्थ घेतलं आणि पोराच्या मनगटात दोरा बांधला. त्याच आठवड्यात सभासदांच्या रजिस्टरात तिच्या नावापुढं शेरा पडला: शिस्तीखाली, सहा महिने. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी शिस्तीखालच्या माणसांची नावं चिटणिसानं उभं राहून वाचायची आणि त्या माणसांनी मागच्या बाकावर बसायचं, भाकर-प्याला न घेता.

"अक्का, दोरा तोडला की गं मी," धोंडुबाई तिच्या दारात येऊन म्हणाली. "नाव तेवढं वाचू नगंस. सुना हसत्यात मला."

"कवा तोडला? तारीख सांग, ती बी लिवते."

सहाच्या सहा रविवार तिनं नाव वाचलं, खणखणीत आवाजात, आडनावासकट.

पिराजीचं दुखणं याहून जुनं. पिराजी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात त्याची नऊ वर्षांची पोरगी, स्नेहल, तापानं गेली. या मंडळीत तान्ह्या पोरांना बाप्तिस्मा देत नाहीत. पोर कळतं झालं, बारा वर्षांच्या पुढं गेलं, त्यानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला, की मे महिन्यात वारणेच्या पाण्यात त्याला पुरतं बुडवून बाप्तिस्मा होतो आणि मग नाव रजिस्टरात चढतं. त्याआधी मेलेली पोरं कुठल्याच पुस्तकात नसतात. त्यांना मळ्यात, म्हणजे मंडळीच्या दफनभूमीत, कुंपणाच्या कडेला पुरतात.

"पोरीचं नाव कुठं तरी असू दे की, अक्का," पिराजी म्हणाला होता.

"बाप्तिस्मा न्हाय, म्हंजे सभासद न्हाय. बुकात कशी बसंल?"

"ह्याच देवळात चार वर्सं गाणी म्हटली तिनं."

"गाण्याला रकाना न्हाय."

त्या दिवसापासून पिराजीनं तिच्याशी बोलणं सोडलं. तो रविवारी यायचा, पहिल्या बाकावर बसायचा आणि तिच्याकडं बघायचा नाही. पुढं तो मंडळीचा पंच झाला, तरी नाही.

लोक तिला कठोर म्हणत, पण अन्यायी म्हणता येत नव्हतं. कारण त्याच कुंपणाच्या कडेला तिचा शांतवन होता. एक्याण्णव साली, सहा वर्षांचा असताना, कावीळ होऊन गेला. तेव्हा मास्तर चिटणीस होते. ते हळूच म्हणाले होते, "पोरी, एक ओळ लिवतो. कोण बघतंय?" आणि ती म्हणाली होती, "पोरगं देवाजवळ हाय, मास्तर. त्याला कशाला बुक?" त्या उत्तराचं तेव्हाच्या पाळकांनी उपदेशात कौतुक केलं होतं. दुःखापेक्षा ते कौतुकच तिच्या हाताशी जास्त दिवस राहिलं. दोन हजार चार साली नवरा गेला, याकोब. तो सभासद होता, त्याला मधल्या ओळीत मानाची जागा होती. पण त्यानं मरताना पोराशेजारची जागा मागितली, आणि तिनं ती दिली.

गेल्या वर्षी रस्ता चौपदरी व्हायला निघाला आणि अर्ध्याहून जास्त मळा मोजणीत गेला. कुंपणाची बाजू तर सगळीच. बदल्यात कालव्याजवळ चार गुंठ्यांचा तुकडा मिळाला. भूसंपादन कार्यालयाचं पत्र आलं: मंडळीच्या रजिस्टरप्रमाणे ज्यांची नोंद आहे त्यांच्या अस्थी हलवून दिल्या जातील, तशी प्रमाणित यादी द्यावी.

बाप्टिस्टांत पाळकाचा हुकूम चालत नाही, सगळ्या सभासदांनी हात वर करून ठरवायचं असतं. आदर्श पाळक नवे होते, तिशीही न ओलांडलेले. ते चाचरत म्हणाले, "लहान मुलांचं काय करायचं? त्यांच्या नोंदी नाहीत."

मार्थाक्का इतिवृत्त लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "बुकात हायेत तेवढीच. कुंपणाला कोण कुठं पुरलंय, साक्ष कोण देणार? उद्या गावातली आणखी चार माणसं येतील, आमचा बी हाय म्हणत."

बरोबर होतं. हात वर झाले. तिनं मोजले, लिहिले. पिराजीनं हात वर केला नव्हता; तेही तिनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती देवळात एकटीच बसून यादी उतरवत होती. उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि खिडकीच्या काचा हलत होत्या. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. सेहेचाळिसाव्या नोंदीवर तिचंच अक्षर होतं: याकोब दाविद सातपुते, वय ५२. दफनाची जागा: कुंपणाची बाजू, शांतवनच्या उजवीकडे.

तिचा हात थांबला. तिच्या मनात ती दोघं इतकी वर्षं एकाच जागी होती, एका मापात. रविवारी एकाच हातानं ती दोघांवरचं गवत उपटायची. बाप उचलला की पोरगं आपोआप उचललं जाईल, असंच काहीसं तिच्या आत कुठं तरी धरलेलं असावं. आता पुस्तकात बघितलं तर शांतवन नव्हताच. बापाची जागा कळावी म्हणून, बांधावरचं झाड सांगावं तसा तो सांगितलेला होता.

बाप कालव्याकडं जाणार होता. पोरावर रस्ता येणार होता.

तिनं एक्याण्णव सालचं पान काढलं. मास्तर दरसाली शेवटी एक ओळ कोरी सोडत. या सवयीवरून तिनं त्यांना मनात कितीदा बोल लावला होता. ती घरी जाऊन ट्रंकेतली मास्तरांची शाईची बाटली घेऊन आली, शाईत दोन थेंब पाणी घातलं, रद्दी कागदावर रंग जमेपर्यंत रेघा ओढल्या. मग त्या कोऱ्या ओळीवर लिहिलं: शांतवन याकोब सातपुते. मास्तरांचं अक्षर तिच्या हातात होतंच. वय, सहा. मृत्यूची तारीख. दफनाची जागा. लिहिता लिहिता मध्ये एक रकाना आला, तोही तिनं भरला. भरल्यावर टीपकागद दाबला, फुंकर मारली आणि यादीच्या एकूण आकड्यात एकसष्टाच्या जागी बासष्ट केले.

त्या रात्री तिला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली.

यादी कार्यालयात जाण्याआधी मंडळीपुढं वाचायची होती. रविवारची उपासना झाल्यावर आदर्श पाळकांनी दफनाचं रजिस्टरच पुढ्यात घेतलं आणि एकेक नोंद वाचू लागले. क्रमांक, नाव, वय, बाप्तिस्मा, मृत्यू. लोक पेंगत होते. एका सुरात ते वाचत गेले.

"शांतवन याकोब सातपुते. वय सहा. बाप्तिस्मा, बारा मे एकोणीसशे नव्वद. मृत्यू..."

मागच्या बाकावरून कुणी तरी फसकन हसलं. धोंडुबाई होती.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "त्येवडं परत वाचा की."

पाळकांनी परत वाचलं, आणि तारखेपाशी ते अडखळले.

"पाच वर्सांचं पोरगं व्हय ओ?" धोंडुबाई उठून उभी राहिली. "पाच वर्सांच्या पोराला वारणेत कुणी बुडीवला? आमच्या पोरांस्नी बारा वर्सं थांबीवलं. अक्काचं पोरगं लई हुशार असणार."

आता सगळेच हसले. हसू ओसरल्यावर सगळ्यांनी मार्थाक्काकडं बघितलं. बाप्तिस्म्याचा रकाना तिनं कोरा ठेवला असता तर मास्तरांचा विसरभोळेपणा म्हणून ओळ खपून गेली असती. ते तिला त्या क्षणी, उभ्या उभ्या, कळलं.

"तुमी लिवलंय?" पिराजीनं विचारलं. सत्तावीस वर्षांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलत होता.

"व्हय."

"मग ठराव घ्या, पाळकसाहेब. ओळ कमी करायची. आणि चिटणीस शिस्तीखाली." तो थांबला. "किती महिने, ते त्यांनाच इचारा. त्यांना पाठ असतंय."

"सहा," मार्थाक्का म्हणाली.

पिराजीचा हात पहिला वर गेला. मग बाकीचे, एकेक करत. हात मोजायचं काम चिटणिसाचं. तिनं मोजले: एकतीस. लिहिले. "विरोधात?" पाळकांनी विचारलं, आणि खाली बघत राहिले. विरोधात कुणी नव्हतं. मग तिनं पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि शांतवनच्या नावावरून रेघ ओढली. सभासदांच्या रजिस्टरात स्वतःच्या नावापुढं शेरा लिहिला. खोटी नोंद. तारीख घातली.

किल्ली मात्र कुणी मागितली नाही. जुन्या नोंदी तिच्याशिवाय कुणाला लागत नव्हत्या आणि कामाला पंधरा दिवस उरले होते. शिस्तीखालच्या बाईनं मेलेल्यांची नावं वाचायला हरकत नाही, असं ठरलं.

मार्चमध्ये, सकाळी आठलाच जेसीबी मळ्यात शिरला. मशीन वरची माती ओढायचं, मग गडी खाली उतरून हातानं उकरायचे. जे मिळेल ते पांढऱ्या कापडात, कापड फळ्यांच्या पेटीत, पेटीवर क्रमांक. मार्थाक्का कडेला उभी राहून क्रमांक आणि नाव वाचायची, पेटी बंद झाली की खूण करायची. पंच एका बाजूला होते. पाळक डोक्याला रुमाल बांधून प्रत्येक पेटीजवळ पुटपुटत प्रार्थना करत होते.

अकराच्या सुमाराला याकोब निघाला. फार काही राहिलं नव्हतं. तिनं खूण केली.

मुकादम खड्ड्यात वाकून बघत होता. "मावशी," तो म्हणाला, "हितं डाव्या अंगाला बी माती येगळी लागतीया. बारकं काय तरी दिसतंय. आणि त्याच्या पलीकडं बी तसंच. काढू का? कापडं हायेत शिल्लक. दोन मिन्टांचं काम."

डाव्या अंगाला शांतवन होता. त्याच्या पलीकडं, तीन हातांवर, स्नेहल. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आदर्श पाळक घाईघाईनं पुढं आले. "अक्का, हो म्हणा. सही मी करतो. कार्यालयाचं मी बघून घेतो."

"चिटणीस म्हणतील तसं," एक पंच म्हणाला. आता कुणालाच ते 'हो' स्वतःच्या तोंडानं म्हणायचं नव्हतं.

पिराजी जवळ आला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती.

"अक्का," तो म्हणाला. "म्हण की हो."

तिनं त्याच्याकडं बघितलं. देवळात पहिला वर गेलेला हात तो हाच, टोपी चुरगळणारा. तिच्या पोराच्या नावावर रेघ ओढताना हा माणूस शेजारी उभा राहून पट्टी सरळ आहे का बघत होता. आणि आता त्याची पोरगी तीन हातांवर होती, आणि तिनं एक शब्द उच्चारला असता तर दोन्ही पोरं एका दुपारी कालव्याकडं गेली असती. तिचा शांतवन मिळाला असता. पिराजीला त्याची स्नेहलही मिळाली असती.

तिनं यादीवरून बोट फिरवलं. मशीन घुरघुरत होतं.

"ठरावात एकसष्ट हायेत," ती मुकादमाला म्हणाली. "त्यात ही न्हाईत."

"अवो मावशी, बघा तरी..."

"माती ओढा."

मुकादमानं पाळकांकडं बघितलं, पंचांकडं बघितलं. पाळकांनी मान खाली घातली. तो खड्ड्यातून वर आला आणि चालकाला हात केला. मशीननं बाजूचा ढीग पुढं लोटला. पिराजी ओल्या मातीतच खाली बसला.

मार्थाक्कानं पान उलटलं. ऊन थेट कागदावर आलं होतं, अक्षरं पुसट दिसत होती. लहान पोराच्या बोटाएवढ्या अंतरावर तिनं वही डोळ्यांशी धरली.

"सत्तेचाळीस," तिनं वाचलं. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त नाव उच्चारायला तिला दोनदा सुरुवात करावी लागली.