कुणाच्या कमरेएवढं?

तुमच्या घरात पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते आज भिंतीवर बोट ठेवून दाखवता येईल तुम्हाला?

मला नाही आलं.

पूर ओसरल्यावर चार दिवस घरातला चिखल उपसून मी सोमाटण्याला कामावर परतले, ती थेट दीड वर्षाने लोणावळ्याला गेले. स्टेशनाबाहेर चिक्कीची दुकानं उघडलेली, पाट्या नव्या. पुलाच्या ज्या कठड्याला तेव्हा लोकांच्या गाद्या अडकल्या होत्या, तिथे एकजण कणसं भाजत होता. हे माझं सगळ्यात लाडकं गाव. आनंद व्हायला हवा होता, निदान राग तरी. काहीच झालं नाही. दुसऱ्या कुणाचं गाव बघावं तशी मी चालत राहिले.

नदीकाठच्या वस्तीत आमचं घर शेवटून दुसरं. आत आकाशी रंग लावलेला. तो मीच निवडला होता. "ते डाग बघवत नाहीत, सणाआधी रंगवून घे," असं आईला फोनवर सांगून डबेही मीच पाठवले होते. आमचं बघून बाकीच्यांनीही भिंती रंगवल्या.

त्याच दुपारी, नदीकाठी बांधायच्या संरक्षक भिंतीची मोजणी करायला नगरपालिकेचा एकजण आला. भिंत मंजूर झाली होती, पण पाण्याची खूण जिथवर सापडेल तिथवरच.

"किती पाणी होतं?" त्याने विचारलं.

"कमरेएवढं," शेजारची मावशी म्हणाली.

"कुणाच्या कमरेएवढं?"

"माज्या! ही बघ, हितंच हाय. पुरात वाहून न्हाई गेली."

सगळे हसले. तोही हसला, पण कागदावर काही लिहिलं नाही. "खूण दाखवा, मावशी."

"मग आमी काय खोटं बोलतो व्हय?"

तेव्हा आईने लोखंडी कपाट उघडलं. बाबा वस्तीसाठी पत्रकं काढायचे. नळासाठी, रेशनसाठी, संडासांसाठी. प्रत्येक पत्रकाची एक प्रत ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवत. त्या दारासमोर बसून मी वाचायला शिकले. शाळेतल्या 'अ अननसाचा' याच्या आधी मला 'ज जाहीर निषेधाचा' आला, आणि पुढे पत्रकंही मी लिहू लागले. बाबा पुराच्या आधीच गेले. दारावरची खालची पत्रकं पाण्याने गळून पडली होती, तिथे नुसता गंज. वरची शाबूत. मधोमध सरळ रेघ.

त्याने टेप लावली, आकडा वाचला. मला वाटलं, झालं काम.

"पण ताई, हे कपाट आहे. पुरात तरंगलं असेल, आडवं पडलं असेल. भिंतीवर काय आहे?"

आईने आकाशी भिंतीवर तळहात ठेवला. "भिंतीवर रंग आहे," ती म्हणाली. "सणाला दिला."

कुणी सांगितलं म्हणून दिला, ते ती बोलली नाही. मीही नाही. पुरावा जपा, असं किती पत्रकांत लिहिलंय मी.

जाताना त्याने नदीकडेने फक्कीची पांढरी रेघ ओढत नेली. ती आमच्या घरापासून तीन घरं अलीकडे थांबली. तिथल्या एका घरात रंग द्यायचा राहून गेला होता, म्हणून भिंतीवर खूण होती.

"आता चहा तरी घे," आई म्हणाली. मी घेतला.

भिंत आमच्यापर्यंत न्यावी म्हणून अर्ज केलाय. मावशीसकट बारा जणांच्या सह्या आहेत. उत्तर आलेलं नाही, आणि पावसाळा जवळ आलाय.

म्हणून हे पत्रक समजा आणि एवढंच करा. तुमच्या घरात कधी पाणी शिरलं, तर चिखल काढण्याआधी एक खिळा घ्या आणि पाणी चढलं होतं तिथे भिंतीवर रेघ ओढा. खोल ओढा, गिलावा उकरेपर्यंत. शेजारी तारीख कोरा. कपाटावर नको, दारावर नको, भिंतीवर. पुढे घरातली लेक फोन करून म्हणाली की डाग बघवत नाहीत, तर खुशाल रंग द्या, पण ती रेघ बुजवू नका.