फ्लॉपीला लावलेलं कुंकू

आमच्या कंपनीत खंडेनवमीला सगळी मशिनं पुसून पुजतात. बॉयलरला हार, वजनकाट्याला हार, माझ्या टाइम ऑफिसातल्या पंचिंग मशिनलासुद्धा झेंडूचं फूल. जो तो कुंकवाचं बोट घेऊन हौसेनं फिरत असतो, आणि हा हरेश हात मागं बांधून दारात उभा. कुणी म्हणतं शिकून शहाणा झाला, कुणी म्हणतं देवधर्म सोडला. म्हणू देत. मला खरं काय ते ठाऊक आहे म्हणून सांगतो, नाहीतर दुसऱ्याच्या भानगडी उगाळत बसायची मला सवय नाही.

हरेश जिते गावचा. बाप जनू मिठागरात राबलेला, पोराला त्यानं आयटीआयला घातलं आणि पोरगा धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत लॅबमधली उपकरणं सांभाळायला लागला. मी पेणचा. जितं आधी येतं, पेण नंतर. त्यामुळं सकाळच्या रोहा गाडीत हा आधी चढायचा आणि आमच्यासाठी जागा धरून ठेवायचा. एका बाजूला रुमाल टाकायचा माझ्यासाठी, दुसऱ्या बाजूला डब्याची पिशवी ठेवायचा इंदुबाईसाठी. इंदुबाई पण पेणची. कंत्राटदाराकडून लॅबमध्ये झाडलोटीला होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी लग्नाची. ही नोकरी होती म्हणून तिचं घर उभं होतं. हरेश तिला मावशी म्हणायचा आणि तिच्या डब्यातली सुकटीची चटणी न विचारता घ्यायचा.

सत्त्याण्णव साली लॅबमध्ये तपासणीचं एक मशीन जर्मनीहून आलं, आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटर. त्यावरचं विंडोज सगळं जर्मन. अहो, आम्हाला इंग्रजी वाचताना घाम फुटतो, तिथं हे. जर्मन माणसं शब्दाला शब्द जोडत मालगाडी करतात, वाचणाऱ्यानं डबे मोजत बसायचं. साहेब लोकांनी हात वर केले. हरेशनं मात्र ते अंगावर घेतलं. कुठलं बटन दाबलं की काय होतं हे तो जागेवरून ओळखायला शिकला. पडद्यावर तीन बटनांची चौकट आली की डावं म्हणजे सोडून दे, मधलं म्हणजे परत कर, उजवं म्हणजे बघितलंच नाही असं कर. की-बोर्डवर त्यानं मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. त्याच्यावर झेड आणि वायच्या जागा उलट्या होत्या, त्यावरून मी त्याला फार छळला.

लॅबचे मुख्य नीलकंठ साहेब. पेणच्या शिकलेल्या घराण्यातले, माणूस वाईट नव्हे, पण ‘चूक कोणाची’ हे आधी विचारायचं आणि ‘चूक काय’ हे नंतर, अशी पद्धत. त्यांनी मुंबईच्या विक्रेत्याकडून रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर मागवलं. ते आलं फ्लॉप्यांवर. दिवाळीनंतर परदेशी गिऱ्हाईक तपासणीला येणार होतं, त्याच्या आत ते मशिनवर चढायला हवं होतं. हरेश प्रोबेशनवर होता. साहेब त्याला म्हणाले, ‘हे जमव, पुढचं मी बघतो.’ कायम होण्याची गोष्ट होती ती, दुसरं काय.

फ्लॉप्या आल्या त्या नेमक्या खंडेनवमीच्या तोंडावर. हरेशनं कॉम्प्युटर पुजला, त्याच्यापुढं फ्लॉप्या मांडल्या. नवीन वस्तू, देवापुढं ठेवायचीच. कुंकू लावायचं तर कुठं? कागदाच्या लेबलावर लावलं तर लिहिलेलं पुसेल. म्हणून ह्या शहाण्यानं फ्लॉपीच्या त्या सरकत्या चकचकीत पत्र्यावर लावलं. पाण्यातलं कुंकू पत्र्यावर ठरेना, तर खोबरेल तेलात कालवून बोट ओढलं. एकूण एक फ्लॉपीवर. लॅबमध्ये तेव्हा तो आणि इंदुबाई दोघंच. साहेब खाली प्लांटमध्ये नारळ फोडत होते. इंदुबाईनं फुलं दिली, पण कुंकवाच्या वाटीला हात लावला नाही. विधवा बाई, ती आपली दाराशी उभी राहिली आणि तिथूनच तिनं हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि हरेश कामाला बसला. साहेब बघतील, हसतील, म्हणून त्यानं पत्र्यांवरचं कुंकू रुमालानं स्वच्छ पुसून काढलं. वरचं पुसलं हो. पत्र्याखाली, मशीन जी चकती वाचतं तिच्यावर तेल उतरलं होतं ते कोण बघतो.

पहिल्यांदा सॉफ्टवेअर चढेचना. जर्मन चौकट आली. पठ्ठ्यानं शोधून काढलं, की सॉफ्टवेअर इंग्रजी नावाचं घर, म्हणजे फोल्डर, शोधतंय आणि जर्मन विंडोजमध्ये त्या घराचं नाव वेगळं आहे. त्यानं हातानं पत्ता बदलून दिला आणि गाडी चालू लागली. डब्यातली जिलेबी त्यानं आम्हाला वाटली त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मधल्याच एका फ्लॉपीवर गाडी परत अडली. चौकट, तीन बटनं. मधलं दाबलं, तेच. उजवं दाबलं, तर सगळं चढल्यासारखं दिसलं आणि रिपोर्ट काढायला गेला की बंद पडलं. त्यानं सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. मशीन बंद करून चालू केलं. डिस्कवर जागा करून दिली. चौकटीतलं एकेक अक्षर उतरवून घेतलं आणि मुंबईला फोन लावून अक्षरं वाचून दाखवली.

तिकडचा माणूस म्हणाला, ‘फ्लॉपी वाचता येत नाही म्हणतंय. ओलबिल लागली काय तिला? पाणी, तेल?’

हरेशनं मला पुढं सांगितलं, ‘रघूभाऊ, त्यानं तेल म्हटलं आन् माझ्या डोळ्यांपुढं ती कुंकवाची वाटीच आली.’ म्हणजे त्याला कळलं होतं. तिथल्या तिथं कळलं होतं. आणि मागं साहेब उभे होते. त्यांनी विचारलं, ‘काय म्हणतात?’

‘ओल लागलीय म्हणतात.’

‘इथं ओलं फडकं कोण फिरवतं?’

‘इंदुबाई,’ हरेश म्हणाला.

एवढंच. खोटं म्हणाल तर एक अक्षर नाही. टेबल तीच पुसायची.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ती म्हणाली, ‘साहेब, मी टेबल पुसते, पन त्या चकत्यांना हात नाय लावत. त्यांना हरेशनं कुंकू लावलं होतं, तेलातलं.’ साहेबांनी फ्लॉप्या उलटसुलट करून बघितल्या. स्वच्छ. त्यांनी हरेशकडं बघितलं. हरेश पडद्याकडं बघत राहिला. ‘देवाचं नाव कशाला मधे घालता बाई,’ साहेब म्हणाले, आणि कंत्राटदाराला फोन केला.

तिचा गेटपास मीच जमा करून घेतला. ती म्हणाली, ‘रघूभाऊ, त्यानं तोंड उघडलं असतं तर झालं असतं.’ मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला वाटलं, नोकरी गेलेलं माणूस कुणावर तरी राग काढणारच.

मुंबईहून नव्या फ्लॉप्या आल्या. कुंकू नाही, फूल नाही, कोऱ्या. घातल्या, आणि तीच चौकट. आता इंदुबाई नव्हती, तिचं फडकं नव्हतं, टेबलावर धूळ बसली होती, तरी तीच चौकट. हरेशनं मशीन उघडलं. फ्लॉपी जिथं वाचली जाते तिथं स्पिरिटचा कापूस फिरवला. कापूस लाल होऊन बाहेर आला. त्यानं तो खिशात घातला. फ्लॉपी घातली आणि सॉफ्टवेअर एका दमात चढलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. गिऱ्हाईक आलं, खूश होऊन गेलं. हरेश कायम झाला.

पेढे त्यानं वाटले, पण स्वतः एक खाल्ला नाही. आणि गाडीत अजून त्याची पिशवी इंदुबाईच्या जागेवरच असायची. पेण यायचं, मी चढायचो, जागा रिकामी. कुणी विचारलं की ‘माणूस हाय’ म्हणायचा. मग एक दिवस मी वैतागलो. म्हटलं, ‘कुठं हाय माणूस? लोक उभे आहेत, उचल ती पिशवी.’ तर त्याच्या डोळ्यांत पाणी. खिशातून कागदात गुंडाळलेला तो कापूस काढला आणि पुढचं कासू स्टेशन यायच्या आत सगळं सांगून टाकलं.

मी त्याला सोडला नाही. म्हटलं, ‘लाज वाटत नाय? तिच्या हातची चटणी खाल्लीस तू.’

‘वाटते, रघूभाऊ. जेवाया बसलो की वाटते. घास फिरतो तोंडात.’

‘मग तिला जाऊन सांग.’

इंदुबाई पेणेतल्या एका गणपतीच्या कारखान्यात लागली होती. कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारायचं काम. मजुरी कमी, आणि नाकातोंडात भुकटी. मुलीचं ठरत आलेलं लग्न पुढं ढकललं होतं. मी त्याला घेऊन गेलो. ती मूर्तीच्या पाठीवर ओला हात फिरवत होती, मान वर केली नाही. हरेश उभ्या उभ्या बोलला, ‘मावशी, तेल माझंच होतं. मना तवाच कळलं होतं. मी गप ऱ्हायलो.’

‘मना कशाला सांगतोस?’ ती म्हणाली. ‘मना ठावंच हाय. ज्याला ठाव नाय त्याला सांग जा.’

दुसऱ्या दिवशी हा गाडीतून उतरला तो तडक साहेबांच्या टेबलापाशी. मी दारात थांबलो, पळून बिळून गेला तर. त्यानं कापूस टेबलावर ठेवला आणि सांगितलं. साहेबांनी कापूस उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, ‘ती सांगत होती रे.’ आणि चष्मा काढून डोळे चोळले. हरेशला वाटत होतं आता काढून टाकतील. काढलं नाही. कसं काढतील, ते जर्मन मशीन दुसरं कोण चालवणार? एक शब्दसुद्धा लागट बोलले नाहीत. ‘शिव्या घातल्या असत्या तरी बरं होतं,’ हरेश म्हणाला मला.

इंदुबाईचा गेटपास पुन्हा निघाला. मीच केला. तो घेऊन आम्ही परत कारखान्यात गेलो. तिनं हात पदराला पुसून पास घेतला, स्वतःचा फोटो बघितला आणि परत हरेशच्या हातात दिला.

‘तू बोललास, बरं केलंस. साहेबांना सांग, राग नाय माझा,’ ती म्हणाली. ‘पन मी नाय येनार.’

‘का गो मावशी? आता तर सगळ्यांना कळलंय.’

‘तिथं टेबलाला फडकं लावताना मना आता भ्या वाटंल. फडकं ओलं असतं ना. इथं सगळ्यांचंच हात ओलं, कोन कुनाला विचारत नाय.’

हरेशनं पास माझ्याकडं दिला. तो मी जमा करून टाकला. त्या दिवसापासून गाडीत पिशवी तो मांडीवर घेऊन बसतो.

जित्याच्या घरचा गणपती आता तो त्याच कारखान्यातून नेतो. मूर्ती सांगायची तर आधी पाट नेऊन द्यावा लागतो, तो पाट डोक्यावर घेऊन दरवर्षी पेणेत उतरतो. मागल्या वर्षी मी बरोबर होतो. त्याला वाटतं, आज तरी ती दोन शब्द बोलेल, मुलीचं विचारलं तर सांगेल. ती हातातलं काम थांबवत नाही.

‘पाट आनलास?’ ती म्हणते. ‘ठेव तिकडं.’